दिसेनासे होईपर्यंत टाटा

कतारमधला किस्सा म्हटलं की तुम्ही सावरून बसणार. आता हा उंट सांगणार, शेख सांगणार, सोन्याचा नळ सांगणार. त्यात वर्ल्ड कपच्या तयारीच्या दिवसांतली गोष्ट म्हटल्यावर एखादा मोठा खेळाडू माझ्या गाडीत येऊन बसणारच, असंही तुम्ही मनात धरलं असेल. सॉरी. एकही खेळाडू नाही. उंट आहेत, पण ते लांब उभे राहून चघळत बघतात, त्यांना डायलॉग नाही. या गोष्टीत एक सत्तरी ओलांडलेली जपानी आजी आहे, माझे साहेब आहेत आणि एक रस्ता आहे. रस्ता सरळ आहे. सगळी भानगड त्या सरळपणाने केली.

तर मी झुबाराच्या किल्ल्यासमोर भर दुपारी उभा राहून फोनवर ओरडत होतो, "सर, प्लीज दिसेनासे व्हा!"

"अरे कुठे होऊ?" साहेब तिकडून. "इथे एक झाड नाही!"

थांबा, थोडं मागून सांगतो.

मी गणेश. गाव परांडा. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून बाईंना ऑफिसात बोलावून घेणारा एक पोरगा प्रत्येक शाळेत असतो. आमच्या शाळेत तो मी होतो. दोह्यात एका टूर कंपनीत लागलो, ऑफिस अल मन्सूरात, खाली इडली-डोशाचं हॉटेल आणि वर आम्ही. समोर मेट्रो स्टेशनचं काम चाललेलं, दिवसभर धडधड. माझं काम होतं मीट-अँड-ग्रीट. नाव भारी आहे, पण काम म्हणजे एअरपोर्टवर अरायव्हल्सला पाटी धरून उभं राहायचं, पॅक्स आले की हसायचं आणि गाडीत घालायचं. पॅक्स म्हणजे माणसं. आमच्या धंद्यात माणसाला माणूस म्हणत नाहीत.

वर्ल्ड कप जवळ यायला लागला तशा देशोदेशीच्या टूर कंपन्या दोहा बघायला यायला लागल्या. याला फॅम टूर म्हणतात. म्हणजे आपण त्यांना फुकट फिरवायचं, पोटभर खाऊ घालायचं, आणि त्यांनी खूश होऊन पुढे आपल्याकडे गिऱ्हाईक पाठवायचं. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम असतो ना, तसंच. फक्त पोह्यांच्या जागी बिर्याणी.

तशीच एक पार्टी जपानहून आली. किसो म्हणून डोंगराळ खोरं आहे, तिथलं एक जुनं गाव. पूर्वी तिकडे राजधानीच्या रस्त्यावर ठरावीक अंतरावर मुक्कामाची गावं असायची. माणसं रात्री टेकायची, घोडे बदलायचे, सकाळी पुढे. घोडे गेले, पण गाव तसंच ठेवलंय. लाकडी घरं, कंदील, विजेच्या तारासुद्धा दिसणार नाहीत अशा लपवलेल्या. जगभरातून लोक गाइड घेऊन, स्पेशल गाडी करून ते बघायला जातात. त्या गावातल्या सराईची मालकीण म्हणजे आमच्या ओकामी-सान. ओकामी हे नाव नाही, सराई चालवणाऱ्या बाईला तिकडे तसंच म्हणतात. सोबत इंग्लिश बोलणारी मिका, आणि गावच्या मंडळाचे दोन आजोबा. हे आजोबा बोलायचे नाहीत. ओकामी जे करतील ते अर्ध्या सेकंदाने करायचे.

डील दुहेरी होतं. त्यांनी वर्ल्ड कपला जपानी पॅक्स आमच्याकडे पाठवायचे, आणि आम्ही दोह्यातल्या पैसेवाल्या फॅमिल्या त्यांच्या गावाला. सगळं ठरलं, अडलं एका गोष्टीवर. डोअर ड्रॉप. म्हणजे गाडी थेट सराईच्या दारात.

तुम्हाला वाटेल यात काय एवढं. पण इथल्या गिऱ्हाइकाला गाडीतून उतरायची सवयच नाही हो. करक म्हणजे इथला वेलचीचा कडक चहा. तो प्यायलाही कुणी उतरत नाही. टपरीसमोर गाडी लावायची, हॉर्न द्यायचा, की पोरगा पळत चहा खिडकीत आणून देतो. अशा माणसाला कसं सांगणार, की बॅग उचल आणि चाल? पण त्यांच्या गावात दिवसा मुख्य रस्त्यावर गाडी आणायची नाही असा नियम. गावाच्या टोकाला उतरायचं आणि चालत सराईत जायचं.

आमचे मालक कतारी, लुसैलच्या टॉवरमध्ये बसतात. त्यांनी साहेबांना फोनवर सांगितलं, "डोअर टू डोअर. नो वॉकिंग. खलास."

ओकामींनी मिकाकडून निरोप दिला, "चालायचं." आणि वाकून नमस्कार केला. दोन्ही आजोबा अर्ध्या सेकंदाने वाकले.

आमचे साहेब म्हणजे जोगळेकर सर, नाशिकचे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "गणेश, तुझी बडबड त्या आजींना आवडतेय. झुबाराला तू गाइड म्हणून चल. हे डील झालं तर जपान डेस्क तुझं, गाइड म्हणून कायम. नाही झालं तर परत अरायव्हल्स. पाटी धर आणि पेन्शनीत निघ."

मग काय, मी जपानी रीतिभातीचे व्हिडिओ बघत बसलो. त्यातली एक गोष्ट मला लई आवडली. तिकडे सराईतून पाहुणा निघाला की मालकीण रस्त्यावर येते आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभी राहते. मधे आत जात नाही. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना याचं ट्रेनिंग दिलं. ओकामी होऊन दाखवलं, दोन्ही आजोबा होऊन दाखवलं. अकाउंट्सच्या मॅडम हसून हसून खुर्चीवरून घसरल्या.

"आणि सर," मी म्हणालो, "समोरचा हात हलवतोय तोवर आपणही थांबायचं नाही. आधी हात खाली घेईल तो उद्धट."

हे शेवटचं व्हिडिओत नव्हतं. पण शिकवताना असं ओघात येतं.

साहेबांनी मान डोलावली. साहेबांचा स्वभाव असा, की एकदा पटलं की पटलं.

झुबाराला निघालो. मिनीबस मी चालवत होतो, त्यात पार्टी. पुढे पांढऱ्या फोर-व्हीलमध्ये साहेब, आणि चालवायला तानाजीमामा. मामा साताऱ्याकडचे, दोह्यात इतकी वर्षं गाडी चालवतायत की स्पीडचा फोटो काढणारा रडार कुठे आहे ते त्यांना झोपेतही कळतं. शमाल रोडने वर, मग डावीकडे. दोन्ही बाजूला सपाट. सपाट म्हणजे किती? भाकरीला तरी मधे फुगा असतो. तेवढाही नाही.

किल्ला म्हणजे एक चौकोनी गढी. आमच्या परांड्याच्या किल्ल्यात असे चार ठेवून वर पार्किंग उरेल. पण त्याच्या पलीकडे जुन्या गावाचे अवशेष आहेत. मोती काढणाऱ्यांचं, व्यापाऱ्यांचं गाव होतं ते, होड्या यायच्या-जायच्या. मी व्यापारी झालो, होडीवाला झालो, मोती पारखणारा झालो. ओकामी तोंडावर हात धरून हसत होत्या. माझं जपान डेस्क मला समोर दिसत होतं, त्यावर माझ्या नावाची पट्टीसुद्धा.

तेवढ्यात साहेबांना लुसैलहून फोन आला. डीलच्या मीटिंगला मालक लवकर येऊन बसले होते. साहेब माझ्या कानात म्हणाले, "मी पुढे होतो, त्यांना थोडं थंड करतो. तू यांना मदिनत अश शमाल गावात जेवायला घाल आणि घेऊन ये." आणि ओकामींना नमस्कार करून गाडीत बसले.

गाडी हलली. ओकामी लगेच पार्किंगच्या कडेला आल्या आणि त्यांनी हात वर केला. अर्ध्या सेकंदाने दोन हात वर झाले. मिकाचाही झाला. चौघं एका ओळीत, उन्हात.

साहेबांनी खिडकीतून हात काढला. वा, म्हटलं, ट्रेनिंग कामाला आलं.

मिका मला हळूच सांगत होती, "आमच्याकडे गावाच्या टोकाला गाडीत बसलं की रस्ता लगेच वळतो. एक मिनिट, आणि गाडी डोंगराआड."

एक मिनिट झालं. गाडी दिसत होती. अजून थोडा वेळ गेला. गाडी बारीक झाली, पण दिसत होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथे डोंगर कुठून आणायचा?

बरं, गाडी जोरात गेली असती तर प्रश्न मिटला असता. पण ती रांगत होती. मी फोन लावला. उचलला मामांनी.

"मामा, जरा दाबा की!"

"कसं दाबू? साहेब सनरूफमधून वर उभं हायत!"

मी डोळे बारीक करून बघितलं. गाडीच्या टपावर खरंच एक कोट घातलेला अर्धा माणूस उगवला होता आणि दोन्ही हात हलवत होता.

"साहेबांना खाली घ्या!"

"म्हंत्यात, म्हातारी थांबल्याशिवाय न्हाई बसायचं. उद्धट दिसतं म्हंत्यात. आनि जोरात बी नको, पळून चाल्लोय असं वाटंल म्हंत्यात. आरं गण्या, डोक्यात काय घातलंयस रं साहेबांच्या?"

मी मिकाला म्हणालो, "ओकामींना म्हणावं आता बसा बसमध्ये. ऊन फार आहे."

मिकाने विचारलं. ओकामी हसत बोलल्या. मिका म्हणाली, "त्या म्हणतात, ते अजून हात हलवतायत. मग मी कशी जाऊ?"

"एवढ्या लांबचं दिसतं त्यांना?"

"गेल्याच महिन्यात डोळ्यांचं ऑपरेशन झालंय," मिका कौतुकाने म्हणाली. "आता सगळं दिसतं."

झालं! म्हणजे साहेब थांबेनात ओकामींमुळे, आणि ओकामी थांबेनात साहेबांमुळे. मी छत्री आणून ओकामींच्या डोक्यावर धरली. त्यांनी ती नम्रपणे बाजूला केली, कारण हात छत्रीला लागत होता. त्यांचे गाल लाल व्हायला लागले होते. एक आजोबा हात हलवता हलवता स्वतःच हलायला लागले होते. आता मला घाम फुटला, उन्हाचा नाही, दुसराच. पाहुण्यांपैकी एकाला जरी चक्कर आली तर डील गेलं खड्ड्यात, आणि माणूस हॉस्पिटलात. ऑक्टोबरचं ऊन असलं तरी कतारचं आहे.

तेव्हाचा तो फोन. "सर, प्लीज दिसेनासे व्हा!"

"अरे कुठे होऊ? इथे एक झाड नाही!"

"हात खाली घ्या मग!"

"तूच म्हणालास ना उद्धट दिसतं? त्यांनी घेतला का?"

"तुम्ही घेतल्याशिवाय त्या घेत नाहीत!"

"म्हणजे काय? आता मी लुसैलपर्यंत असाच उभा?"

इतक्यात समोरून एक लांबलचक ट्रेलर आला, त्यावर पोर्टाकॅबिन लादलेल्या. कुठल्यातरी स्टेडियमच्या कामावर चालला असेल. मी ओरडलो, "मामा, ट्रेलर! तो तुमच्या बाजूने गेला की वळा आणि त्याच्या मागे लपा! यल्ला!"

मामा म्हणजे मामा. गाडी झपकन वळली आणि ट्रेलरच्या मागे गायब. ओकामींचा हात खाली आला. आजोबांचे आले. मी देवाचे आभार मानायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की ट्रेलर आमच्याच दिशेने येतोय.

तो किल्ल्याच्या थोडा अलीकडे कच्च्या रस्त्याला वळला. मागे आमची फोर-व्हील उघडी पडली. सनरूफमधून साहेब वर, कोट काढलेला, डोक्यावर नॅपकिन आणि तोंडाला पाण्याची बाटली. त्यांनी आम्हाला बघितलं. बाटली तोंडातच राहिली आणि हात वर गेला.

ओकामींनी टाळी वाजवली! आणि पुन्हा सुरू.

मामांनी गडबडून गाडी परत फिरवली आणि पुन्हा लांब जायला लागले. म्हणजे सगळा कार्यक्रम पहिल्यापासून. आता मात्र मी ठरवलं. गाडी दिसेनाशी होत नसेल तर आपणच आडवं जायचं. मी मिनीबसमध्ये उडी मारली, स्टार्ट केली, आणि या लोकांच्या आणि रस्त्याच्या मधे पडद्यासारखी लावायला निघालो. कल्पना चांगली होती. पण हललेल्या बसकडे बघून ओकामींना वाटलं, मीही निघालो. चौघांनी मला हात हलवायला सुरुवात केली. रिकामी बस, मी एकटा, आणि काय करणार, ट्रेनिंग मीच दिलेलं. मी पण हलवला. बस आडवी लावली तर चौघं नम्रपणे चार पावलं सरकले, म्हणजे मीही दिसावं आणि साहेबही. किल्ल्याचा नेपाळी वॉचमन सावलीत बसून हा सगळा प्रकार बघत होता. त्याने मोबाईल काढला होता.

शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. फोर-व्हील थांबली, फिरली, आणि सरळ किल्ल्याकडे परत आली. साहेब उतरले. कपाळापासून टाळूपर्यंत टोमॅटो, गॉगलची जागा तेवढी पांढरी. मला बघून फक्त ओठ हलवले. काय म्हणाले ते मला कळलं, पण ते छापता येणार नाही.

ओकामी पुढे आल्या आणि खूप खाली वाकल्या. मग बराच वेळ बोलल्या. मिका एकेक वाक्य सांगत होती. "त्या म्हणतात, मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहुण्यांना हात हलवतेय. पाहुणे पहिल्यांदा बघतात. मग फोन काढतात. मी उभी असते ते त्यांना माहीतही नसतं. इतका वेळ मागे वळून बघणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. आणि तुम्ही तर परत आलात." मग त्या साहेबांना म्हणाल्या, "म्हणून दारात गाडी नको. दारात गाडीत बसला की माणूस गेला. चालत गेला तर पूर्ण रस्ताभर दिसतो."

 साहेब नॅपकिन घडी करत राहिले. मग मराठीत, मलाच, हळू आवाजात म्हणाले, "गणेश, मी इकडे यायला निघालो ना, तेव्हा एअरपोर्टच्या काचेआत शिरलो आणि मागे बघितलं, तर बायको आणि पोरं पार्किंगचं तिकीट शोधत होती."

आता दुसरा प्रॉब्लेम. साहेबांना पुन्हा निघायचं होतं. पुन्हा टाटा? मी पटकन म्हणालो, "सगळे एकाच बसमध्ये! मामा, तुम्ही मागून रिकामी गाडी आणा!" कुणी मागे राहिलंच नाही तर टाटा करणार कोण? सगळे बसले, मी बस रस्त्यावर आणली, निश्चिंत झालो. आरशात बघतो तर वॉचमन किल्ल्याच्या दारात उभा राहून दोन्ही हात हलवतोय. ओकामी मागच्या काचेशी गेल्या. किल्ला किती लांबून दिसतो ते मी तुम्हाला सांगत बसत नाही.

शमालला जेवण राहिलं. रस्त्यात हॉर्न देऊन सगळ्यांना खिडकीतून करक आणि पराठे दिले. लुसैलला पोचलो तर मालक घड्याळाशी खेळत बसले होते. साहेबांकडे बघून म्हणाले, "मिस्टर जोगळेकर, तुमच्या चेहऱ्याला काय झालं?"

साहेबांनी सगळं सांगितलं. सनरूफसकट. आणि शेवटी सरळ म्हणाले, "सर, नो डोअर ड्रॉप. गेस्ट विल वॉक."  मालकांना नाही म्हणताना मी साहेबांना कधी बघितलं नव्हतं.

मालकांनी घड्याळाशी खेळणं थांबवलं. मग म्हणाले, "माझी आजी अशीच किनाऱ्यावर उभी राहायची. आजोबा मोत्यांच्या होडीवर जायचे तेव्हा. समुद्रालाही वळण नसतं." आणि ओकामींकडे बघून छातीवर हात ठेवला. "ओके. वॉकिंग. खलास."

सह्या झाल्या. ओकामी, आजोबा, मालक, सगळे वाकले. कोण आधी सरळ होणार, त्यात पुन्हा थोडा वेळ गेला.

या सगळ्यातून मी धंद्यातलं एकच शिकलो. पिकअपची काळजी सगळेच घेतात, ड्रॉपची कुणी घेत नाही. आता नवीन साइटवर गेलो की मी पार्किंग, टॉयलेट, सावली बघतोच, पण सगळ्यात आधी रस्ता कुठे वळतो ते बघतो. वळत नसेल तर पाहुण्यांना बोगद्यातून, भिंतीआडून, काहीतरी करून बाहेर काढतो.

त्या दिवशी पाहुणे हॉटेलात सोडून आम्ही खाली पार्किंगमध्ये आलो. साहेबांनी आधी आजूबाजूला बघितलं, कुणी नाही याची खात्री केली, आणि मग सुरू झाले.

"आधी हात खाली घेईल तो उद्धट! कुठे लिहिलंय? दाखव मला! दाखव व्हिडिओ! मिकाला विचारलं मी, ती म्हणाली असं काहीच नसतं, पाहुण्याने एकदा मान डोलावली तरी पुरते! एकदा! मी सनरूफमधून उभा राहिलो, गणेश! कोट घालून! रडारचा फोटो आला तर मुखालफ्याचा दंड कोण भरणार, तुझा बाप? आणि त्या फोटोत मी कसा दिसत असेन? आणि ते बस आडवी घालणं काय होतं? मी तुला सांगितलं होतं आडवी घाल म्हणून? आता घरी व्हिडिओ कॉल करायचाय मला. बायको विचारणार, डोक्याला काय झालं. काय सांगू? एका आजींना टाटा करत होतो? हसू नकोस! तानाजी, तूही हसू नकोस, तू गाडी वळवलीस कशाला त्या ट्रेलरच्या मागे, तुला दिशा कळत नाही? आणि तू, उद्या सकाळी आठला जपान डेस्कवर हजर राहा. गाइड झालायस आता, आतापासून तरी गाइडसारखं खरं बोल, गाढवा!"